राखून ठेवलेली बाही

कॉम्प्युटरवाली जिना चढून आली ती हेल्मेट हातात घेऊनच, आणि दारातून म्हणाली, "मावशी, चपला इथेच काढू का?"

"काढ. आणि मावशी म्हणू नकोस. तुझ्या आईला बहीण असेल तर ती कोणी दुसरी."

ती हसली. कामाला आलेली माणसं हसायला लागली की मला धास्ती वाटते. पण हिने आत येऊन कॉम्प्युटरवरचं आच्छादन काढलं, त्याची नीट घडी केली, ती बाजूला ठेवली आणि मगच बटण दाबलं. घडी बघून मी मनात म्हटलं, चालेल. ते आच्छादन मीच शिवलेलं आहे, कोटाच्या अस्तराच्या उरलेल्या तुकड्यांचं.

समोरच्या दारातले कॅशियर आधीच येऊन खुर्चीत बसले होते. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. बँकेतून निवृत्त झाल्यापासून जिन्यावर पाऊल वाजलं की ते दार उघडतात, आणि माझ्याकडे कोणी आलं तर माझ्या बाजूने बोलायला म्हणून येऊन बसतात. माझी बाजू काय आहे हे मात्र मला कधी विचारत नाहीत.

"वहिनींना काय हवंय ते मी सांगतो," ते म्हणाले.

"वहिनींना तोंड आहे," मी म्हटलं.

मला हवं होतं ते एवढंच. आमच्या कॉम्प्युटरमध्ये माझी सगळी कटिंग आहेत. मी जन्मभर बायकांचे कोट शिवले. कापायचं काम माझं, इस्त्री आणि काजं-बटणं आमच्या मालकांची, म्हणजे माझ्या नवऱ्याची. पुढे त्यांच्या डोक्यात खूळ आलं. एकेक कटिंग, म्हणजे कापड कापायचा कागदी नमुना, जमिनीवर पसरायचे, शेजारी फूटपट्टी ठेवायचे, स्टुलावर उभे राहून वरून फोटो काढायचे आणि कॉम्प्युटरमध्ये घालायचे. फूटपट्टी कशाला, तर फोटोवरून कोणालाही माप काढता यावं.

"आग लागली तर?" ते म्हणायचे.

"लागली तर कागद जळतील. माझं डोकं जळणार आहे का?"

"तुझं डोकं काय कायमचं टिकणार आहे?"

"तुमच्यापेक्षा टिकेल," मी म्हणायची. तेवढं मात्र खरं झालं. ते गेले, दुकान गेलं, आता तिथे चष्मेवाला बसतो. कागद माळ्यावर होते, त्यांना वाळवी लागली. जे उरलं ते या कॉम्प्युटरच्या डब्यात. अक्षरं मला जड जातात म्हणून त्यांनी प्रत्येक कटिंगला नाव न देता आकडा दिला होता. आकड्यांत मी कोणाच्या बापाला ऐकत नाही.

आणि ही कटिंग आता माझ्या लेकीला हवी होती. घरात तिला सगळे ठिणगी म्हणायचे. लांबच्या शहरात तिने स्वतःचं शिवणकामाचं वर्कशॉप काढलंय, हाताखाली बायका आहेत, मोठी कापायची यंत्रं आहेत. तिचा फोन आला तो सुद्धा कामाचाच. "आई, बाबांनी फोटो काढले होते ती सगळी कटिंग मला पाठव. मोठ्या कॉलरचा कोट आधी." त्याआधीचा फोन कधी आला होता ते आठवायला मला भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघावं लागलं. मीही करत नव्हते. आधी फोन कोणी करायचा यावर आम्हा दोघींच्या माना सारख्याच ताठ, एकाच कापडातून कापल्यासारख्या.

"पेनड्राइव्हमध्ये भरून कुरियर करा ना," कॉम्प्युटरवाली म्हणाली.

"आणि वाटेत पडलं म्हणजे? माझा कोट उद्या कुठल्या तरी कुरियरवाल्याची बायको घालून फिरेल."

"बरं, मग नेटवरून. तीन प्रकार सांगते." तिने खुर्ची ओढली. "पहिला सगळ्यात सोपा. इथून सगळं एकदम वर चढवायचं, त्या कंपनीच्या मोठ्या गोदामात म्हणा. मुलीला एक लिंक पाठवायची. ती तिला वेळ होईल तेव्हा उतरवून घेईल. तुम्ही इथे बसायलासुद्धा नको."

"किती वेळ लागतो?"

"एका संध्याकाळी सगळं जाईल."

"सगळं?"

"सगळं. झंझट संपली."

मी पदराने टेबलाची कड पुसली. ती स्वच्छच होती. एका संध्याकाळी सगळं गेलं तर दुसऱ्या संध्याकाळी त्या पोरीला माझ्याशी काय काम उरणार, हे मला तिथल्या तिथे दिसलं. कापड अंगाला लावायच्या आधी कुठे अपुरं पडेल ते जसं दिसतं, तसं.

"ते नको," मी म्हटलं.

"का हो?"

खरं कारण सांगायचं नव्हतं. तेवढ्यात कॅशियर कामाला आले. "बरोबर आहे वहिनींचं! मध्ये तिसऱ्याचं गोदाम कशाला? आपला माल दुसऱ्याच्या तिजोरीत? उद्या त्यांनी किल्ली बदलली तर?"

"तेच," मी म्हटलं. "तिजोरी."

"मग दुसरं," ती बाई म्हणाली. "हे दोन्ही कॉम्प्युटर सारखे ठेवतं. इथे फोल्डरमध्ये टाकलं की तिथे दिसतं. तिथे बदललं की इथे बदलतं."

"आणि तिथे पुसलं तर?"

"इथलंही पुसलं जातं."

"म्हणजे माझ्या घरातलं ती तिथे बसून पुसणार? ती इथे असताना मी तिला कात्रीला हात लावू देत नव्हते."

कॉम्प्युटरवालीने कॅशियरांकडे बघितलं. कॅशियरांनी कपाळाला आठी घालून मान डोलावली, म्हणजे काही कळलं नव्हतं.

"तिसरं एक आहे, पण ते आता कोणी वापरत नाही," ती म्हणाली. "जुनं आहे. या कॉम्प्युटरमधून थेट त्या कॉम्प्युटरमध्ये. मध्ये कोणी नाही. पण दोन्ही यंत्रं एकाच वेळी चालू पाहिजेत, आणि एकेक फाइल पाठवली की तिकडच्या माणसाने 'घेतो' म्हणून दाबावं लागतं. ते चालतंही फार हळू. एकेका फोटोला अर्धी संध्याकाळ. दोघींना समोर बसून राहायला लागेल."

"दोघींना," मी म्हटलं.

"हो ना, तोच तर वैताग."

"हेच घाल."

"अहो, पण..."

"तूच म्हणालीस ना, मध्ये कोणी नाही? कॅशियरसाहेब, तुमच्या बँकेत काय होतं? समोरासमोर मोजून द्यायचं, समोरासमोर मोजून घ्यायचं."

कॅशियरांची छाती फुगली. "अगदी! याच्याइतकं सुरक्षित काही नाही."

तिने हात वर केले आणि तेच घातलं. हिरवं दाबलं की जातं, लाल दाबलं की थांबतं, एवढं मला शिकवलं. पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटा ठिपका होता. लेकीचा कॉम्प्युटर चालू असेल तर तो हिरवा, बंद असेल तर राखाडी. तिने लेकीला फोन लावून तिच्याकडेही तेच घालायला लावलं. फोनमधून मला ऐकू आलं, "हे कुठलं आदिमानवाचं काढलंय?"

"तुमच्या आईने निवडलं," कॉम्प्युटरवाली म्हणाली.

तिकडून आलं, "असणारच."

त्या आठवड्यापासून संध्याकाळी वर्कशॉपमधल्या बायका घरी गेल्या की ठिणगी यंत्रासमोर बसायची आणि मी इथे. फोन स्पीकरवर. मी हिरवं दाबायची, ती म्हणायची "घेतलं", आणि मग ती निळी पट्टी मुंगीच्या पावलाने पुढे सरकायची. तेवढा वेळ दोघींनी करायचं काय? पहिल्या संध्याकाळी मला तिच्याकडचा पंखा ऐकू येत होता. तिला बहुतेक माझं घड्याळ.

दुसऱ्या खेपेला ती म्हणाली, "तुझा गुडघा कसा आहे?"

"आहे जागेवर."

"डॉक्टरकडे गेलीस?"

"जिन्याला विचारते रोज. तो सांगतो."

ती हसली. नाकातून, बापासारखी. मग हळूहळू बोलणं निघायला लागलं. बटणं कुठून घेतेस, सुताची रिळं पूर्वीसारखी येत नाहीत, हाताखालची एक बाई काजं इतकी सुरेख करते की राग येतो. मी म्हणायची, राग कसला, पगार वाढव. ती म्हणायची, तू कधी वाढवलास? मी म्हणायची, माझ्या हाताखाली तुझा बाप होता, त्याला जेवण दिलं की पुरे. एकदा तर तिने जेवताना फोन तसाच चालू ठेवला. पलीकडे चमच्याचा आवाज येत होता आणि मी इथे माझं ताट घेऊन यंत्रासमोर बसले. दोघी जेवलो. मला त्या रात्री भांडी घासायचा कंटाळा आला नाही.

कॅशियरांनी विचारलं, "काय हो वहिनी, अजून चालूच आहे?"

"माल जास्त आहे," मी म्हटलं.

माल जास्त होता, पण संपणारा होता. म्हणून मी तो शिंपी कापड पुरवतो तसा पुरवून वापरायला लागले. अख्खा कोट एकदम कधीच नाही. आज एकाचा पुढचा भाग, उद्या दुसऱ्याची पाठ, परवा भलत्याच कशाचा तरी खिसा. मोठ्या कॉलरचा कोट तिला आधी हवा होता. त्याचा पुढचा भाग दिला, पाठ दिली, कॉलर, कॉलरखालचं कापड, आतली पट्टी, अस्तर, सगळं दिलं. बाही ठेवली.

ज्यांना शिवणातलं कळत नाही त्यांना सांगते. कोटाचा जीव बाहीत असतो. पुढचा भाग कोणीही कापेल. पण मुंढ्याच्या गोलात बाही बसवणं, म्हणजे खांद्यावर चुणी न पडता ती गोल वळून खाली सरळ उतरणं, हे ज्याला जमलं त्यालाच गिऱ्हाईक. माझी बाही दोन तुकड्यांची होती आणि ती मी कोणाला कधी दिली नव्हती. लेकीलाही नाही. ती इथे असताना बाही कापायची वेळ आली की मी तिला दोरा आणायला पाठवायची. आता तीच बाही माझ्या हातात शेवटचा पत्ता होती. जोवर ती इथे आहे तोवर ठिपका हिरवा होणार.

"आई, बाही?"

"शोधते. तुझ्या बापाने कुठे घातलीय कोण जाणे."

"बाबांनी?"

"मग काय मी स्टुलावर चढत होते?"

दोनतीनदा असं झालं. मग एकदा ती म्हणाली, "आई, माझ्याकडे या कोटाची ऑर्डर आहे. सगळे भाग कापून पडलेत. बाहीशिवाय त्याचं काय करू? जाकीट म्हणून विकू?"

"घाई केलीस. सगळं हातात आल्याशिवाय कात्री लावू नये, एवढंही शिकली नाहीस?"

"शिकवणारी दोरा आणायला पाठवायची," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

दुसऱ्या संध्याकाळी मी यंत्र चालू केलं. ठिपका राखाडी. त्याच्या पुढच्या संध्याकाळीही. मी पडद्यासमोर बसायची, चष्मा पुसायची, पुन्हा बघायची. बघून काही त्याचा रंग बदलत नव्हता. कॅशियर येऊन गेले. म्हणाले, तिकडे वीज गेली असेल. मी म्हटलं, असेल. फोन उचलायची आणि ठेवायची. काय सांगणार होते? बाही सापडली म्हणून सांगावं, तर ती घेईल आणि जाईल. नाही सापडली म्हणावं, तर ती येणारच नाही. एवढ्या वर्षांत कापडाचा एवढा वाईट तुकडा माझ्या वाट्याला कधी आला नव्हता. कसाही फिरवला तरी अपुराच पडत होता.

घर तेव्हा किती मोठं झालं होतं सांगू? दोन खोल्या आहेत. पण एका खोलीतून दुसरीत जाताना मला दिवा लावावासा वाटायचा, दिवसाढवळ्या.

आणि मग एका संध्याकाळी ठिपका हिरवा झाला. फोन वाजला नाही. यंत्रानेच टिंग केलं आणि पडद्यावर एक चौकोन आला, तो मी याआधी कधी पाहिला नव्हता. तिकडून काहीतरी येत होतं. 'घेतो' म्हणायची पाळी आता माझी होती. मी हिरवं दाबलं. निळी पट्टी सरकायला लागली. मी फोन करू शकत होते. तीही करू शकत होती. दोघींनीही केला नाही. नुसत्या बसून राहिलो, तिकडे ती, इकडे मी, मध्ये ती पट्टी.

बाही होती. दोन तुकड्यांची, कागदावर पेन्सिलीने काढून कापलेली, वरून काढलेला फोटो, आणि शेजारी फूटपट्टी. बापासारखी.

माझं पहिलं मन म्हणालं, चुकली असेल. चष्मा नाकावर खाली ओढून मी रेघन् रेघ बघितली. मागच्या तुकड्याची शिवण तिने माझ्यापेक्षा जराशी आत घेतली होती. म्हटलं, चुकलीच. पण नुसतं बघून बोलायची माझी रीत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी जाडा कागद पसरला, फूटपट्टीवरून मापं काढली, खडूने आखलं, जुन्या चादरीच्या कापडात कापलं आणि कच्च्या दोऱ्याने कपडा चढवून बघायच्या डमीच्या खांद्याला टाचलं. डमी कपाटामागे होती, तिच्यावरची धूळ झाडताना मला शिंका आल्या.

बाही उतरली. खांद्यावर एक चुणी नाही. मी डमीभोवती फिरले. आमच्या डमीला हात नाहीत, म्हणून बाहीत गुंडाळलेला टॉवेल घातला आणि कोपराशी वाकवला. इथे सांगायला पाहिजे, माझ्या बाहीला कोपराशी एक बारीक सुरकुती पडायची. गिऱ्हाइकाला कधी दिसली नाही. मालकांना दिसायची नाही. मला दिसायची, प्रत्येक कोटात, आणि ती कशाने जाईल ते मला कधी सुचलं नाही. हिच्या बाहीला ती सुरकुती नव्हती. शिवण आत घेतली होती ती त्याचसाठी.

मी खाली बसले. चादरीची बाही डमीवर तशीच लोंबत होती. मला आनंद झाला की वाईट वाटलं ते मला सांगता येणार नाही, पण दोन्हीला बोलायला माणूस लागतं, ते घरात नव्हतं.

संध्याकाळी मी फोन केला. आधी मी केला, हे लक्षात घ्या.

"बाही बघितली," मी म्हटलं.

"मग?"

"बरी आहे."

पलीकडे पंखा फिरत होता. माझ्या तोंडून "बरी" म्हणजे काय ते तिला माहीत आहे. तिच्या लग्नाच्या कपड्यांनाही मी "चालेल" म्हटलं होतं.

"कोपराशी?" तिने विचारलं.

"पडत नाही सुरकुती."

"तुझ्या कोटाला पडायची. लहानपणापासून बघत होते."

"मग बोलली का नाहीस?"

"तुला?" ती म्हणाली, आणि नाकातून हसली. मग म्हणाली, "आई, बाही तुझ्याकडेच होती ना? बाबांचे आकडे सलग आहेत. पुढचा आला, मागचा आला, मधलाच कसा हरवेल?"

आकड्यांत मी कोणाच्या बापाला ऐकत नाही म्हटलं होतं ना. तिच्या बापाला विसरले.

"होती," मी म्हटलं.

"कशाला अडवलीस, विचारू?"

"नको विचारूस."

"बरं."

तिने खरंच विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काहीतरी तिखट बोलले असते आणि दोघींची त्यातून सुटका झाली असती. ती जराशाने म्हणाली, "बाकीचं सगळं एकदम पाठव आता. ऑर्डर वाढल्यात. मला रोज असं बसायला नाही जमणार, आई. खरंच नाही जमणार."

"मला तरी कुठे वेळ आहे?" मी म्हटलं.

कॉम्प्युटरवाली पुन्हा आली. या खेपेला तिने मावशी म्हटलं नाही. तिने पहिलं ते गोदामवालं घातलं. "मी तेव्हाच सांगत होते," ती म्हणाली. कॅशियर खुर्चीत होते. म्हणाले, "काळाप्रमाणे बदलायला पाहिजे, वहिनी. मी पहिल्यापासून याच मताचा." मी त्यांना चहा दिला, साखर घातली नाही.

सगळं निवडलं, माझी बाहीसुद्धा. सुरकुतीसकट. तिला नको असेल तर तिने टाकावी, पण आकड्यांत भोक राहायला नको. कॉम्प्युटरवाली म्हणाली होती तसंच झालं. दिवे लागायच्या वेळी सुरू केलं आणि स्वयंपाक होईपर्यंत संपलं. पडद्यावर एक बरोबरची खूण आली. जन्मभराचं कापलेलं, आणि मला बसायलासुद्धा लागलं नाही.

"ते जुनं काढून टाकू का?" कॉम्प्युटरवालीने हेल्मेट घेता घेता विचारलं. "उगाच जागा खातंय."

"खाऊ दे. जागेला काय तोटा आहे."

ती गेली. कॅशियर गेले.

आता लेकीचा फोन येतो, नाही असं नाही. सणावारासारखा येतो. पण संध्याकाळी मी आच्छादन काढते, घडी करते, यंत्र चालू करते आणि समोर बसते. पाठवायला काही नाही, घ्यायला काही नाही. तिने तिकडून ते जुनं काढलेलं नाही. विसरली असेल, किंवा काढायला वेळ मिळाला नसेल, मी विचारलेलं नाही. बायका घरी गेल्या की तिचा ठिपका हिरवा होतो. म्हणजे ती बसली. मी माझं ताट तिथेच आणते. कधी एखादं उसवलेलं हाताशी घेऊन बसते. ती काय करते मला दिसत नाही. बाही कापत असेल.

मग ठिपका राखाडी होतो. मी यंत्र बंद करते आणि त्याच्यावर आच्छादन घालते.

डमीवर ती चादरीची बाही अजून आहे, एकच. दुसरी मी कापली नाही.